कोमो गाव वगळू नका: आई-बाबांबरोबर सरोवराकाठी दोन रात्री

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जायचंय. दोघंही सत्तरीच्या आसपास, आईंचे गुडघे दुखतात, बाबा निवृत्त विज्ञानशिक्षक, घर पूर्ण शाकाहारी. मिलानमध्ये तीन रात्री आहेत आणि त्यातला एक दिवस कोमो सरोवरासाठी काढलाय. सगळे म्हणतात कोमो शहरात बघण्यासारखं काही नाही, सरळ सरोवरकाठची बेल्लाजिओ आणि वारेन्ना ही गावं करा. तसंच करावं का?

करू नका. तुमच्या घरच्यांसाठी मुक्कामाचं गाव कोमोच असायला हवं, आणि तेही दोन रात्री. मिलानच्या तीनपैकी दोन रात्री इकडे वळवा. मराठी कुटुंबांना इटली फिरवण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. एका दिवसात मिलान-कोमो-बेल्लाजिओ-वारेन्ना-मिलान असा फेरा मारून आलेल्यांना मी विचारते, काय आवडलं? बोटीच्या रांगा आणि उन्हात उभं राहणं, हेच आधी बाहेर पडतं. दोन रात्री राहिलेले लोक मात्र गावाबद्दल बोलतात. कोमो हे तलावाचा देखावा बघायला बांधलेलं ठिकाण नाही. दोन हजार वर्षं नांदतं, राबतं शहर आहे ते, आणि सरोवर त्याच्या दाराशी आहे.

आधी गुडघ्यांचं बोलू. बेल्लाजिओ सुंदर आहे यात वादच नाही, पण ते उतारावर वसलंय. फोटोत दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्या आहेत. वारेन्नातही धक्क्यावरून वर चौकात जायचं तर चढच. कोमोचं जुनं गाव मात्र तळहातासारखं सपाट आहे, आणि त्याचं कारण इतिहासात सापडतं. इ.स.पू. ५९ मध्ये ज्युलियस सीझरने इथे नवी वसाहत वसवली. सरोवराच्या दक्षिण टोकाची दलदल उपसून जमीन तयार केली आणि रोमन छावणीच्या पद्धतीने काटकोनात रस्ते आखले. ती आखणी आजही तशीच आहे. तटाच्या आतलं गाव चौकोनी, गल्ल्या सरळ, बहुतेक भाग गाड्यांना बंद. आईंना हात धरून सावकाश चालता येईल, दमल्या तर पुढच्या कोपऱ्यावर बसायला जागा मिळेल. रस्ता चुकायची भीती नाही.

पोचायचं कसं, यातही गुडघ्यांचा विचार करा, कारण मिलानहून कोमोला रेल्वेचे दोन मार्ग आहेत. मिलानो चेंत्रालेहून निघणाऱ्या गाड्या कोमो सान जोव्हान्नी स्टेशनात येतात. जलद गाडी मिळाली तर पाऊण तासाच्या आत पोचवते, पण हे स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि बाहेर पडल्यावर समोर लांबलचक पायऱ्या. बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन तिथे उतरू नका, उतरलात तर टॅक्सी करा. दुसरा मार्ग मिलानो कादोर्नाहून. त्रेनोर्द कंपनीची लोकल, वेळ साधारण तासभर, पण तिचं शेवटचं स्टेशन कोमो नोर्द लागो हे सरोवराच्या अगदी काठाशी आहे. तिथून दुओमो, म्हणजे मुख्य चर्च, सपाट रस्त्याने पाचेक मिनिटांवर. मी ज्येष्ठांना नेहमी याच गाडीने नेते. तुमचं विमान मालपेन्सावर उतरणार असेल तर मिलानला जायचीही गरज नाही: विमानतळाची गाडी सारोन्नोला थांबते, तिथे बदलून कोमोची गाडी धरता येते. कागदी तिकीट काढलंत तर फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड होतो, आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण तपासनीस ऐकत नाहीत.

हॉटेल तटाच्या आत किंवा काठालगत घ्या. बुक करण्याआधी लिफ्ट आहे ना हे लेखी विचारा. जुन्या वाड्यांतून केलेली राहण्याची ठिकाणं देखणी असतात, पण कित्येकांत लिफ्ट नसते आणि जिने उभे असतात. भाड्याच्या गाडीचा विचार असेल तर तो सोडून द्या. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येऊन पडते. सरोवराच्या पश्चिम काठचा रस्ता इतका अरुंद आहे की बस समोरून आली की स्थानिकांनाही गाडी मागे घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी दुपारी फक्त गाव बघा. सुरुवात दक्षिणेकडून, पोर्ता तोरे या वेशीपासून करा आणि सरळ उत्तरेला सरोवराकडे चालत या. ही वेस ११९२ची, सुमारे चाळीस मीटर उंच. तिच्यामागे एक जुनं वैर आहे. बाराव्या शतकात मिलान आणि कोमो यांच्यात दहा वर्षं लढाई चालली आणि ११२७ मध्ये मिलानने कोमो जाळून जमीनदोस्त केलं. पुढे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या आश्रयाने कोमोकरांनी गाव पुन्हा उभारलं, तट बांधला. लढाईत मिलानच्या बाजूने गेलेल्या सरोवरातल्या एकुलत्या एका बेटावर, इझोला कोमाचिनावर, त्यांनी ११६९ मध्ये सूड उगवला. ते बेट तुम्हाला दुसऱ्या दिवशी बोटीतून दिसेल. तिथे चर्चांचे पाये उरलेत, वस्ती नाही.

पुढे सान फेदेले चर्चचा चौक लागतो. इथे पूर्वी धान्याचा बाजार भरायचा. चौकाच्या कडेची लाकूड आणि विटांची जुनी घरं बघून घ्या. मग येतो दुओमोचा चौक, आणि इथे घाई करू नका. १३९६ मध्ये सुरू झालेलं हे चर्च पुरं व्हायला साडेतीनशेहून जास्त वर्षं लागली. समोरचा दर्शनी भाग गॉथिक, आतला मागचा भाग रेनेसान्सचा, आणि वरचा घुमट अठराव्या शतकातला, फिलिप्पो युव्हारा या वास्तुकाराच्या आराखड्याचा. डाव्या हाताला चर्चला खेटून पांढऱ्या-करड्या-लाल पट्ट्यांच्या दगडाची इमारत आहे, ब्रोलेत्तो, १२१५ची. ही नगरसभेची जागा. पुढे चर्च वाढवताना तिचाच एक भाग पाडावा लागला. देवाचं घर आणि गावाचा कारभार एका भिंतीला भिंत लावून उभे आहेत, असं दृश्य इटलीत फार कमी ठिकाणी मिळतं.

मुख्य दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत बसलेले दोन पुरुष दिसतील. चर्चच्या दाराशी संत असणार असं आपण गृहीत धरतो. हे दोघे संत तर नाहीतच, ख्रिस्तीही नाहीत. हे कोमोचे दोन प्लिनी: थोरला आणि त्याचा भाचा, धाकटा. थोरल्या प्लिनीने निसर्गाविषयीचा ३७ खंडांचा ग्रंथ लिहिला आणि इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला असताना तो मेला. त्या उद्रेकाचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन धाकट्याच्या पत्रांमुळे आपल्याला मिळालं. बाबांना सांगा, ज्वालामुखीच्या एका प्रकाराला आजही प्लिनीचंच नाव आहे. आपल्याशीही एक धागा जुळतो. थोरल्या प्लिनीने तक्रार केली आहे की भारतातल्या मालापायी रोमचा पैसा दरवर्षी वाहून जातो, पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) इतका. मिरीला ना रूप ना गोडी, नुसता तिखटपणा, तरी लोक ती का घेतात, असंही त्याला वाटायचं. त्या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाच्या खुणा कोल्हापूरला आहेत. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ती बघून कोमोला आलात तर दुओमोच्या दारातला हा म्हातारा एकदम ओळखीचा वाटेल.

आत जाताना खांदे झाकलेले हवेत, टोप्या काढायच्या. प्रवेश फुकट. मधल्या भागात जुने विणलेले भिंतपट टांगलेले आहेत, आणि लुइनी आणि गाउदेन्त्सिओ फेर्रारी या रेनेसान्स काळातल्या चित्रकारांची चित्रं आहेत.

वेळ आणि दम उरला तर सांत अब्बोन्दिओ चर्च करा. ते तटाबाहेर, रेल्वेरुळांच्या पलीकडे आहे, त्यामुळे पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. १०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा यांनी त्याची प्रतिष्ठापना केली, त्याच वर्षी पुढे त्यांनी पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली. बाहेरून उघडा करडा दगड, आत गेलं की गाभाऱ्याच्या भिंतींवर चौदाव्या शतकातली ख्रिस्तचरित्राची चित्रं, वरपासून खालपर्यंत. मला विचाराल तर कोमोतली सगळ्यात शांत आणि सगळ्यात सुंदर जागा हीच. आईंना चालवत नेऊ नका, टॅक्सीने पाच मिनिटं लागतात.

दुओमोच्या मागे, रुळांपलीकडे, एक पांढरी चौकोनी इमारत दिसेल. ज्युझेप्पे तेर्रान्यीने १९३६ मध्ये पुरी केलेलं फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय. जगभरचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ती बघायला येतात. आता तिथे आर्थिक गुन्हे पाहणाऱ्या पोलिसांचं ठाणं आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायची.

बाबांसाठी कोमोत खास जागा आहे: व्होल्टाचं स्मारक. आलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ मध्ये इथेच जन्मला आणि १८२७ मध्ये इथेच वारला. तांबं आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड, अशी चळत रचून त्याने पहिली बॅटरी बनवली आणि मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवली. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा एका सूतगिरणीवाल्या उद्योगपतीच्या पैशातून काठावर हे घुमटाचं स्मारक उभं राहिलं. आत व्होल्टाची उपकरणं मांडलेली आहेत, मात्र बरीचशी नंतर घडवलेली. खऱ्या वस्तूंपैकी पुष्कळशा १८९९ मध्ये, बॅटरीच्या शताब्दीचं प्रदर्शन इथेच भरलं असताना लागलेल्या आगीत जळाल्या. विजेचा गौरव करायला मांडलेलं बहुतेक सगळं एका दिवसात राख झालं. ही हकिगत बाबांना आत जाण्याआधी सांगा, म्हणजे काचेतली प्रत्येक वस्तू ते वेगळ्या नजरेने बघतील. आणखी एक: १९२७ च्या सप्टेंबरमध्ये याच व्होल्टा शताब्दीसाठी जगातले पदार्थवैज्ञानिक कोमोत जमले होते. नील्स बोर यांनी पूरकतेचं तत्त्व (प्रकाश आणि इलेक्ट्रॉन समजून घ्यायला कण आणि लहर ही दोन्ही चित्रं लागतात, असं) पहिल्यांदा मांडलं ते इथेच, आणि भारतातून मेघनाद साहा आणि देबेंद्रमोहन बोस आले होते. स्मारक सोमवारी बंद असतं, दुपारची सुट्टीही असते, वेळ आदल्या दिवशी बघून घ्या.

आता रेशीम. कोमो बघून रेशीम न बघणं म्हणजे गाव अर्धं बघणं, आणि यात्रा कंपन्या नेमकं हेच गाळतात.

लोम्बार्दीच्या मैदानात तुतीची लागवड पंधराव्या शतकात मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्त्सा याने वाढवली. पुढे शेतकऱ्यांच्या घराघरात रेशमाचे किडे आले. डोंगरातल्या ओढ्यांवर चरखे फिरू लागले, सरोवराचं पाणी रंगाईला कामी आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात किड्यांवर रोग पसरला तेव्हा इथले व्यापारी निरोगी अंडी आणायला थेट जपानपर्यंत गेले. १८६८ मध्ये गावाने रेशमाचं शिक्षण देणारी शाळा काढली, ती आजही चालते. किडे पाळणं इथून केव्हाच संपलं, कच्चा धागा आता मुख्यतः चीनमधून येतो. पण विणकाम, रंगाई आणि छपाई इथे राहिली. पॅरिस आणि मिलानच्या मोठ्या फॅशनघरांचे रुमाल आणि टाय कित्येकदा याच गावात छापले जातात. आपल्या जालना-बीडकडे तुती लावणारी घरं आता पुष्कळ आहेत. त्या भागातलं कुणी तुमच्याबरोबर असेल तर संग्रहालयातून बाहेर काढणं अवघड जाईल.

रेशीम संग्रहालय त्या शाळेच्याच आवारात आहे. गावापासून थोडं लांब, टॅक्सीने जा. दीड-दोन तास ठेवा. किड्यांच्या ताटांपासून सुरुवात होते, मग धाग्याला पीळ देणारं घरभर उंचीचं गोल लाकडी यंत्र, मग तपासणी. इथे जरा थांबा. रेशीम हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ओलं असूनही हाताला कोरडं लागतं. म्हणजे वजनावर माल घेणारा पाण्याचे पैसे मोजणार. म्हणून नमुना भट्टीत पूर्ण सुकवायचा, वजन घ्यायचं, त्यावर ठरलेले ११ टक्के ओलाव्याचे धरायचे आणि तेवढ्यावर सौदा करायचा. व्यापारातला विश्वास अशा भट्टीवर उभा होता. त्यानंतरची पायरी गोंद काढण्याची. किड्याने धाग्यावर चढवलेला चिकट थर गरम साबणाच्या पाण्यात उतरवला की वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटतं आणि मगच ती झळाळी येते.

छपाईच्या दालनात लांब टेबलं आणि चौकटी आहेत. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. वीस रंगांचा रुमाल म्हणजे वीस चौकटी, एकामागून एक, त्याच जागी. एक चौकट केसभर सरकली तरी फुलाची कड दुहेरी दिसते. हे पाहिल्यावर दुकानात रुमालाची किंमत ऐकून दचकायला होत नाही. घ्यायचा असेल तर आईंना पुढे करा, साड्या पारखणाऱ्या बाईला फसवणं सोपं नसतं. रुमालाची कड बोटांत धरून बघायची. हाताने वळलेली कड गोल आणि किंचित फुगीर असते आणि टाके बारकाईने पाहिले तर अंतरात जरासा फरक दिसतो. यंत्राची कड चपटी आणि एकसारखी. लेबलवर शंभर टक्के ‘सेता’, म्हणजे रेशीम, असं लिहिलेलं हवं. काठावरच्या स्टॉलवर ‘कोमो’ लिहिलेलं पॉलिएस्टर भरपूर मिळतं.

दुसरा दिवस पाण्याचा. सरोवराचा आकार उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. हिमनदीने कोरलेलं, चारशे मीटरहून खोल. तीन फाटे बेल्लाजिओपाशी मिळतात. नैऋत्य फाट्याच्या टोकाला कोमो, आग्नेय फाट्याच्या टोकाला लेक्को. अद्दा नदी उत्तरेकडून आत येते आणि लेक्कोतून बाहेर पडते. कोमोकडून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, त्यामुळे बर्फ वितळून वर पाऊस झाला की कोमोचा काठ भरतो आणि पिआत्सा काव्हूर या चौकात पाणी शिरतं. हा चौक म्हणजे एकोणिसाव्या शतकात बुजवलेलं जुनं बंदर. मे महिन्यात पाऊस असतो, म्हणून घडी घालता येणारे रेनकोट बरोबर हवेतच, छत्र्या वाऱ्यात टिकत नाहीत.

वाऱ्याचंही एक वेळापत्रक आहे. स्वच्छ हवेत सकाळी उत्तरेकडून तिव्हानो वाहतो आणि दुपारपासून दक्षिणेकडून ब्रेव्हा. दुपारी पाणी जास्त हलतं. बोट लागणारं कुणी असेल तर सकाळची फेरी धरा, गर्दीही कमी असते.

बोटी दोन तऱ्हेच्या आहेत. जलद बोट पाऊण-एक तासात बेल्लाजिओला नेते, तिला जास्तीचे पैसे पडतात आणि बंद काचेतून बघावं लागतं. संथ बोट दोन तास घेते, या काठावरून त्या काठावर जात गावागावात थांबते. जाताना संथ बोट घ्या, वरच्या डेकवर बसा. हाच तुमच्या सहलीचा गाभा आहे. तोर्नो, नेस्सो, आर्जेन्यो ही गावं, घळीतून पडणारा नेस्सोचा धबधबा आणि त्याखालचा दगडी पूल, मग इझोला कोमाचिना, सगळं आईंना एकही पायरी न चढता दिसेल. नेस्सोला उतरू नका, तिथे नुसत्या पायऱ्या आहेत.

पुढे लेन्नोजवळच्या टोकावर व्हिला बाल्बियानेल्लो. नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न तिथे झालं, तेव्हापासून आपल्याकडचा प्रत्येक जण ती विचारतो. वास्तू अठराव्या शतकाच्या अखेरची, एका कार्डिनलने बांधलेली. तिचे शेवटचे मालक ग्विदो मोन्झिनो यांनी १९७३ च्या पहिल्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचं नेतृत्व केलं होतं. त्यांच्या मोहिमांच्या वस्तू आत जपल्या आहेत. जायचं असेल तर तिकीट आधी काढा, सोमवार आणि बुधवारी बंद असतं, आणि लेन्नोहून चालत न जाता छोटी टॅक्सीबोट करा. बागेत मात्र पायऱ्या आहेत. तुमच्या जागी मी ती बोटीतूनच बघितली असती. त्रेमेत्झोच्या व्हिला कार्लोत्तालाही याच कारणाने, आई-बाबांना काठावर कॉफीला बसवून, तुम्हीच तासभर धावती भेट द्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली अझेलियाची झुडपं फुललेली असतात.

बेल्लाजिओत उतरल्यावर सगळे लोक डावीकडच्या पायऱ्यांच्या गल्ल्यांकडे वळतील. तुम्ही काठाकाठाने दक्षिणेला व्हिला मेल्झीच्या बागेत जा. रस्ता जवळजवळ सपाट, मोठे वृक्ष, पाण्यालगत बाकं. तिकीट लागतं, पण दोन तास निवांत जातात. परतीची जागा मात्र सकाळीच पक्की करा. दुपारी चारनंतर कोमोकडे जाणाऱ्या बोटी भरून जातात आणि शनिवार-रविवारी तर मिलानची माणसंही आलेली असतात. शक्यतो तुमचे दोन दिवस आठवड्याच्या मधले ठेवा, आणि २५ एप्रिल, १ मे, २ जून या सुट्ट्या टाळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रुनाते. कोमोच्या काठावरून फ्युनिक्युलर रेल्वे सुमारे सात मिनिटांत पाचशे मीटर वर नेते. ती १८९४ पासून चालू आहे, आधी वाफेवर, १९११ पासून विजेवर. एक डबा वर जातो तेव्हा त्याच दोराला जोडलेला दुसरा खाली येतो आणि मध्यावर दोघांची गाठ पडते. नऊच्या आसपास जा, दहानंतर रांग लागते. वर स्टेशनजवळच दुओमोचा घुमट आणि तटाचा चौकोन दिसणारी जागा आहे. सीझरची आखणी इथून कागदावर काढल्यासारखी कळते. त्याहून वर व्होल्टाच्या नावाचा दीपस्तंभ आहे. तिथवर चढ आहे आणि स्तंभात १४३ पायऱ्या. तुम्ही जा, आईंना ब्रुनातेच्या चौकात बसू द्या.

जेवणाचं बोलायचं तर शाकाहारी माणूस कोमोत उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. पोलेंता उन्चा हा इथला पदार्थ मागवा: मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला सांजा, त्यात चीज, लोणी, लसूण आणि सेजची पानं. भरपूर जड आहे, दोघांत एक पुरतो. शेजारच्या व्हाल्तेल्लिना खोऱ्यातले पित्सोक्केरी, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा पास्ता, बटाटा-कोबी-चीज घालून, हेही चालतील. अंडं खात नसाल तर लक्षात ठेवा: हॉटेलात केलेल्या ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, पाकिटातल्या सुक्या पास्त्यात नसतं. रिसोत्तो भाजीचा असला तरी मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, म्हणून ‘ब्रोदो व्हेजेताले?’ (भाज्यांचं पाणी आहे ना?) असं विचारा. मिनेस्त्रोने सुपात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. घरात हे चालत नसेल तर ते आधी ठरवा, टेबलावर बसल्यावर नको. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा’ (मांस, मासे, अंडी नकोत) एवढं चिठ्ठीवर लिहून वेटरला दाखवलं की काम होतं. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सातपर्यंत, म्हणून बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायला बॅगेत दशम्या किंवा खाकरे असू द्या. बिलात माणशी थोडी रक्कम ‘कोपेर्तो’ म्हणून लागते, ती फसवणूक नाही. टिप सक्तीची नसते.

हे वाचणाऱ्यांत मासे खाणारे असतील तर त्यांनी मिस्सोल्तिनी चुकवू नये. आगोने नावाचा सरोवरातला मासा मीठ लावून, दोरीवर टांगून सुकवतात आणि तमालपत्रांबरोबर डब्यात दाबून ठेवतात. कोकणातल्या माणसाला वासावरूनच आपली सुकी मासळी आठवेल.

कोमोहून पुढे स्वित्झर्लंडला जाणार असाल, जे बरेच जण करतात, तर मिलानला परत यायची गरज नाही. सान जोव्हान्नीहून लुगानो आणि झ्युरिकच्या गाड्या मिळतात, आणि किआस्सोची सरहद्द काही मिनिटांवर आहे. तुमचा शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. पण किआस्सोला पोलीस गाडीत चढून तपासतात, म्हणून सगळ्यांचे मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नकोत. त्या सकाळी हॉटेलातून स्टेशनला टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. त्या पायऱ्या चढतानाही तेवढ्याच आहेत.